रंगनाथन यांची कारकीर्द : ग्रंथालय आणि वर्ग वेगळे कधी झाले?

दप्तरी

ऑगस्ट महिना आला की महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांच्या तसबिरीला हार घातला जातो, त्यांच्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांचा तक्ता भिंतीवर नव्याने लावला जातो आणि १२ तारखेचा ग्रंथपाल दिन साजरा होतो. त्या दिवशीच्या भाषणांत ते भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक ठरतात, पण जनकपद देऊन झाल्यावर त्यांच्या प्रत्यक्ष नोकरीकडे कोणी फारसे वळत नाही. मी एका अनुदानित महाविद्यालयात ग्रंथपाल म्हणून नोकरी केली आणि सुटीच्या दिवशी बी.लिब.च्या, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या पदवीच्या, अभ्यासकेंद्रावर शिकवलेही, त्यामुळे मला त्यांच्या कारकिर्दीतील एका गोष्टीचे कुतूहल कायम वाटत आले आहे : हा माणूस आयुष्यभर ग्रंथालय चालवत होता की शिकवत होता?

थोडी पार्श्वभूमी देतो. रंगनाथन मूळचे गणिताचे अध्यापक. मद्रास ख्रिश्चन कॉलेजात एडवर्ड रॉस यांच्या हाताखाली गणित शिकून १९१६ मध्ये ते एम.ए. झाले, सैदापेठच्या अध्यापक महाविद्यालयात त्यांनी शिक्षणशास्त्र पुरे केले आणि १९१७ पासून मंगळूर, कोइंबतूर व पुढे मद्रासचे प्रेसिडेन्सी कॉलेज अशी शिक्षकी केली. १९२३ मध्ये मद्रास विद्यापीठाने ग्रंथपालाचे पद जाहीर केले तेव्हा सुमारे ९०० अर्ज आल्याचे चरित्रकार सांगतात, परंतु ग्रंथालयाच्या कामाचे शिक्षण त्यांपैकी कोणाचेच झालेले नव्हते. रंगनाथन यांचेही झालेले नव्हते. अध्यापकाच्या पगारात घर चालवणे कठीण होते आणि ग्रंथपालाचा पगार बरा होता, हे त्यांच्या अर्जामागचे साधे कारण. जानेवारी १९२४ मध्ये ते रुजू झाले आणि काही दिवसांतच कंटाळले. वर्गात विद्यार्थ्यांनी वेढलेला माणूस एका शांत खोलीत कपाटांसमोर येऊन बसला होता. त्यांनी प्रेसिडेन्सीच्या प्राचार्यांना गाठून आपली जुनी जागा परत मागितली. विद्यापीठ तुम्हाला प्रशिक्षणासाठी इंग्लंडला पाठवणारच आहे, तिथून आल्यावरही हेच मत राहिले तर जागा देऊ, असे प्राचार्यांनी त्यांना सांगितले.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात तेव्हा ग्रंथालयशास्त्राची शाळा सुरू होऊन जेमतेम पाच वर्षे झाली होती. तिथे वर्गीकरण शिकवणारे बर्विक सेयर्स हे क्रॉयडनच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे मुख्य ग्रंथपाल होते, म्हणजे सकाळी स्वतःचे ग्रंथालय चालवणारा माणूस दुपारी येऊन वर्ग घेत असे. रंगनाथन यांच्यावर सेयर्स यांच्या पुस्तकांपेक्षा या रचनेचाच अधिक परिणाम झाला, असे माझे मत आहे. १९२५ मध्ये ते परतले ते प्रेसिडेन्सीत जाण्यासाठी नव्हे. पुढची जवळजवळ वीस वर्षे ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल होते आणि याच वीस वर्षांत त्यांनी देशातील ग्रंथालय-शिक्षणाचा पाया घातला.

१९२८ मध्ये मद्रास ग्रंथालय संघ स्थापन झाला. १९२९ मध्ये संघाच्या वतीने उन्हाळी वर्ग भरला, १९३१ मध्ये विद्यापीठाने तो प्रमाणपत्र अभ्यासक्रम म्हणून आपल्याकडे घेतला आणि १९३७ मध्ये त्याची पदव्युत्तर पदविका झाली. हे वर्ग घेणारे रंगनाथनच होते आणि विद्यार्थ्यांची प्रयोगशाळा म्हणजे त्यांचेच ग्रंथालय. पाच सूत्रांचे पुस्तक १९३१ चे, द्विबिंदू वर्गीकरण, म्हणजे पुस्तकांना विषयानुसार क्रमांक देण्याची त्यांची पद्धत, १९३३ चे आणि तालिकीकरणाची, म्हणजे पुस्तकांची सूची करण्याच्या नियमांची, संहिता १९३४ ची. ही तिन्ही पुस्तके याच वर्गांच्या काळातली आहेत हे लक्षात घेतले, म्हणजे ती कशासाठी लिहिली गेली हेही कळते. शिकवायला उभे राहिल्यावर नियमांच्या मागचे तत्त्व सांगावे लागते. ते कुठे लिहिलेले नव्हते, म्हणून त्यांनी लिहिले.

आज आपल्याकडे ग्रंथालय चालवणारे वेगळे आणि ग्रंथालयशास्त्र शिकवणारे वेगळे अशी फारकत झाली आहे. विद्यापीठाच्या विभागातील अध्यापकाने दाखलखाते (नव्या पुस्तकांची नोंदवही) उघडून वर्षे लोटलेली असतात आणि ग्रंथपालाला शिकवण्याची संधी मिळत नाही. ही फारकत कधी झाली, कोणी केली आणि तिच्यामुळे आपण काय गमावले, यावर जाणकारांनी लिहावे, ही विनंती.

अनुक्रम

दप्तरीकाका, मी सध्या एम.लिब.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, तेव्हा विद्यार्थ्याच्या बाजूने लिहितो. आम्हाला वर्गीकरणाच्या प्रात्यक्षिकात ड्युई (अमेरिकन ग्रंथपाल मेल्विल ड्युई यांचे दशांश वर्गीकरण) आणि द्विबिंदू या दोन्ही पद्धती आहेत. ड्युईचे क्रमांक काढताना हे उद्या नोकरीत लागणार आहे, हे माहीत असते. द्विबिंदूचे क्रमांक मात्र परीक्षेपुरते काढले जातात, कारण आमच्या शहरातील एकाही ग्रंथालयात ती पद्धत नाही. अर्धविराम चुकला म्हणून गुण गेले, एवढीच तिची आठवण बहुतेकांकडे उरते. रंगनाथन मोठे शिक्षक होते हे मान्य केले तरी ज्या पद्धतीवर त्यांनी आयुष्य घालवले ती वापरात नसेल, तर ती शिकवण्यामागचे प्रयोजन कोणते, असा प्रश्न वर्गात विचारला की उत्तर 'अभ्यासक्रमात आहे' असे येते.

विदा_वेचक

अनुक्रम, मी ग्रंथालयाच्या क्षेत्रातला नाही, संगणकावरील शोधयंत्रणांवर काम करतो. तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर माझ्या कामात आहे.

द्विबिंदू वर्गीकरणाचा पाठ्यपुस्तकांतून नेहमी दिला जाणारा नमुना घ्या : 'क्ष-किरणांच्या साह्याने फुफ्फुसाच्या क्षयरोगावरील उपचारांविषयी १९५० मध्ये भारतात झालेले संशोधन'. ड्युईच्या पद्धतीत असा विषय आधीच छापलेल्या यादीत शोधावा लागतो आणि नेमकी जागा नसेल तर जवळच्या जागेवर भागवावे लागते. रंगनाथन यांनी यादीच मोडीत काढली. विषयाचे तुकडे करा, असे ते म्हणतात. वैद्यक हा मुख्य वर्ग, फुफ्फुस हा अवयव, क्षय हा विकार, उपचार ही क्रिया, क्ष-किरण हे त्या क्रियेचे साधन, संशोधन ही आणखी एक क्रिया, भारत हे स्थळ, १९५० हा काळ. प्रत्येक तुकड्याला छोटा क्रमांक आहे, आणि तुकड्यांच्या मधले विरामचिन्ह पुढचा तुकडा कोणत्या जातीचा आहे हे सांगते. स्वल्पविरामानंतर व्यक्तित्व (विषयाचा मुख्य घटक), अर्धविरामानंतर द्रव्य (पदार्थ वा साधन), द्विबिंदूनंतर ऊर्जा (क्रिया), टिंबानंतर अवकाश, वरच्या स्वल्पचिन्हानंतर काळ. अर्धविराम चुकला की गुण जातात ते यामुळे. तिथे चिन्हाला अर्थ आहे.

लंडनमध्ये असताना सेल्फ्रिजच्या दुकानात त्यांनी मेकॅनो या खेळण्याचे प्रात्यक्षिक पाहिले, त्याच पट्ट्या आणि तेच खिळे वापरून निरनिराळी खेळणी होतात हे पाहून ही कल्पना सुचली आणि परतीच्या जहाजावरील पुस्तकांवर त्यांनी ती करून पाहिली, ही हकीकत त्यांनीच सांगितलेली आहे. आज कोणत्याही विक्रीच्या संकेतस्थळावर डाव्या बाजूला किंमत, रंग, आकार, उत्पादक अशा गाळण्या दिसतात. वस्तू एकाच खणात न टाकता तिच्या अनेक पैलूंनी तिला शोधता यावे, ही त्यामागची कल्पना आहे. १९५२ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या वर्गीकरण संशोधन गटाने रंगनाथन यांचे पैलू-विश्लेषण उचलले आणि १९५५ मध्ये माहिती-शोधाचा पाया म्हणून त्याचा जाहीर पुरस्कार केला. आमच्या क्षेत्रातील लोक 'फॅसेट' हा शब्द रोज वापरतात, पण तो मद्रासच्या ग्रंथपालाने रूढ केला हे त्यांतील फार थोड्यांना ठाऊक असते.

शंकेखोर

चर्चा गौरवाकडे झुकते आहे, म्हणून दोन गोष्टी नोंदवतो.

पहिली अशी की, द्विबिंदू वर्गीकरण वापरात राहिले नाही याचा बराचसा दोष खुद्द कर्त्याकडे जातो. पहिली आवृत्ती १९३३ ची, दुसरी १९३९ ची, तिसरी १९५० ची, चौथी १९५२ ची, पाचवी १९५७ ची, सहावी १९६० ची. प्रत्येक वेळी पद्धतीत फेरफार. आरंभी केवळ द्विबिंदूच तुकडे जोडत असे, स्वतंत्र विरामचिन्हे पन्नासच्या दशकात आली. संशोधक म्हणून हे प्रामाणिकपणाचे लक्षण असेल, पण ज्याच्या ग्रंथालयात पन्नास हजार पुस्तकांच्या पाठीवर जुने क्रमांक चिकटवलेले आहेत त्या ग्रंथपालाने काय करावे? सगळी लेबले काढून नवी लावायची, तालिकेची सगळी पत्रे बदलायची, आणि पुढच्या आवृत्तीची वाट पाहायची? सातवी आवृत्ती त्यांच्या निधनानंतर पंधरा वर्षांनी, १९८७ मध्ये निघाली आणि ती सहावीपासून इतकी दूर गेली की जे टिकून होते त्यांनीही सहावीच धरून ठेवली. ड्युईच्या पद्धतीत विसंगती भरपूर आहेत, पण तिची मालक संस्था जुन्या ग्राहकाला फारसे हलवत नाही.

दुसरी गोष्ट स्वभावाची. १९२९ मध्ये विवाहाच्या दिवशीही हे गृहस्थ विधी आटोपून ग्रंथालयात कामाला परतले, असे सांगतात. ही गोष्ट ग्रंथपाल दिनाच्या भाषणांत टाळ्या घेते. मला मात्र त्यांच्या हाताखालच्या लिपिकांची काळजी वाटते. साहेब सुट्टी घेत नाहीत तिथे शिपायानेही कधी रजा मागितली असेल का?

दप्तरी

शंकेखोर, आवृत्त्यांविषयीचा आपला मुद्दा मला मान्य आहे आणि त्यातच माझ्या मूळ प्रश्नाचा एक धागा आहे. मद्रासमध्ये असताना त्यांच्या पद्धतीत बदल करण्यावर एक नैसर्गिक वेसण होती, ती म्हणजे त्यांचे स्वतःचे ग्रंथालय. क्रमांक बदलला तर लेबले बदलण्याचा खर्च आणि वाचकांची गैरसोय समोर दिसत असे. पहिल्या दोन आवृत्त्यांमधील फेरफार त्यामानाने बेताचे आहेत. १९४५ मध्ये ते निवृत्तीनंतर बनारस हिंदू विद्यापीठात गेले तेव्हाही, तिथल्या लाखाच्या घरातील संग्रहाचे वर्गीकरण आणि तालिकीकरण त्यांनी बरेचसे एकहाती केले आणि सोबत पदविकेचे वर्गही घेतले. कुलगुरू सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी त्यांना बोलावले होते. वयाची पन्नाशी उलटलेला माणूस हे करतो याचे मला आश्चर्य वाटते.

१९४७ मध्ये कुलगुरू मॉरिस ग्वायर यांच्या निमंत्रणावरून ते दिल्ली विद्यापीठात प्राध्यापक म्हणून गेले. तिथे पदविकेच्या पुढे पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी. अशी शिडी उभी राहिली. ग्रंथालयशास्त्रातील देशातील पहिली पीएच.डी. दिल्लीने १९५७ मध्ये दिली आणि तिचा विषय कृषीविषयक वर्गीकरणाचे पैलू हा होता, म्हणजे तो रंगनाथनी मुशीतलाच होता. पण दिल्लीत ते ग्रंथपाल नव्हते. वेगाने बदलणाऱ्या आवृत्त्या नेमक्या त्या काळातल्या आणि त्यानंतरच्या आहेत. हा योगायोग आहे असे मला वाटत नाही. लेबले दुसऱ्याने चिकटवायची असली की शास्त्रज्ञाचा हात मोकळा होतो.

वर्गखोली

दप्तरी यांचे निरीक्षण पटण्यासारखे आहे, तरीही फारकतीचे खापर केवळ परिस्थितीवर फोडता येणार नाही. मी एका विद्यापीठाच्या विभागात ग्रंथालयशास्त्र शिकवते, म्हणून आमच्या विभागांच्या जन्मकथेतील एक कागद पुढे ठेवते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांतील ग्रंथालयशास्त्राच्या शिक्षणाचा आढावा घेण्यासाठी एक समिती नेमली होती. तिचे अध्यक्ष रंगनाथनच होते आणि तिचा अहवाल १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या वेळी देशातील बहुतेक विद्यापीठांत हा अभ्यासक्रम विद्यापीठाचा ग्रंथपाल आणि त्याचे सहायक आपली नोकरी सांभाळून सायंकाळी चालवत असत. समितीने पूर्णवेळ अध्यापकांचा आग्रह धरला. ज्याने स्वतः वीस वर्षे नोकरी सांभाळून शिकवले, त्यानेच ती पद्धत मोडायला सांगितली. याचे कारण त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेले होते : सर्वांनाच रंगनाथन होता येत नाही. ग्रंथपाल दिवसभराच्या कामाने थकून वर्गात येई, ठरीव टिपणे उतरवून देई आणि निघून जाई. पूर्णवेळ अध्यापक असता तर त्याने संशोधन केले असते, अभ्यासक्रम बदलला असता, ही समितीची अपेक्षा होती.

तिच्या आधीची आयोगाची ग्रंथालय समिती १९५७ ची, तिचेही अध्यक्ष तेच. महाविद्यालय आणि विद्यापीठ यांतील ग्रंथपालांचा दर्जा व वेतन अध्यापकांच्या बरोबरीचे असावे, ही शिफारस तिने केली. आज महाविद्यालयीन ग्रंथपालाला साहाय्यक प्राध्यापकाची वेतनश्रेणी मिळते आणि त्यासाठी नेट किंवा सेट उत्तीर्ण व्हावे लागते, त्याचे मूळ तिथे आहे. म्हणजे एका समितीने ग्रंथपालाला अध्यापकाच्या बरोबरीने बसवले आणि दुसरीने त्याला वर्गातून उठवले. दोन्ही शिफारशी आपापल्या जागी योग्य होत्या, पण एकत्र वाचल्या की चमत्कारिक दिसतात.

समितीला अपेक्षित असलेले पूर्णवेळ अध्यापक पुढे किती नेमले गेले, हा वेगळा विषय आहे. माझ्या ओळखीतील अनेक विभाग एक-दोन कायम अध्यापक आणि बाकी तासिका तत्त्वावरील माणसे, अशा बळावर चालतात. तासिका तत्त्वावर येणारे बरेच जण कुठेतरी ग्रंथपालच असतात, त्यामुळे जुनी पद्धत मागच्या दाराने परत आली आहे. फरक इतकाच की तेव्हा ती विद्यापीठाच्या ग्रंथपालाची जबाबदारी होती आणि आता ती तासाच्या मानधनावर विकत घेतली जाते.

पंचगंगाकाठ

रंगनाथन यांच्या कारकिर्दीचा तिसरा भाग, म्हणजे ग्रंथालय कायद्यांसाठीची खटपट, वर आलेला नाही. तीही शिक्षणाशी जोडलेली आहे, कारण कायदा झाला की ग्रंथालये वाढतात, ग्रंथालये वाढली की प्रशिक्षित माणसे लागतात, आणि ती तयार करण्यासाठी अभ्यासक्रम लागतात. हा हिशोब त्यांनी फार लवकर मांडला होता. १९४८ चा मद्रासचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा त्यांच्या प्रयत्नांतून आला. स्वतंत्र भारतातील तो पहिला. मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसवण्याची तरतूद त्यात होती.

मात्र 'भारतातील पहिला ग्रंथालय कायदा मद्रासचा' असे सरसकट लिहिले जाते तेव्हा आम्हा कोल्हापूरकरांना एक आठवण करून द्यावी लागते. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्येच सार्वजनिक ग्रंथालय कायदा केला होता. संस्थान विलीन झाल्यावर तो विस्मृतीत गेला. त्याचप्रमाणे देशातील ग्रंथालय-प्रशिक्षणाचा पहिला वर्गही मद्रासचा नव्हता. सयाजीराव गायकवाडांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना १९१० मध्ये बडोद्यास आणले आणि पुढच्याच वर्षी तिथे वर्ग सुरू झाला. लाहोरच्या पंजाब विद्यापीठात १९१५ मध्ये आसा डॉन डिकिन्सन यांनी वर्ग घेतला. या दोन्ही ठिकाणी बाहेरून आलेला तज्ज्ञ शिकवून परत गेला. मद्रासमध्ये शिकवणारा माणूस तिथेच राहिला, हा मोठा फरक आहे आणि त्यामुळे मद्रासच्या वर्गातून परंपरा तयार झाली.

महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. त्यात उपकर नाही. शासन मान्यता देते, वर्ग ठरवते आणि त्यानुसार अनुदान देते. 'अ' पासून 'ड' वर्गापर्यंतची आपली गावोगावची वाचनालये या अनुदानावर उभी आहेत. 'ड' वर्गाच्या वाचनालयात ग्रंथपालाला मिळणारे मानधन पाहिले, तर रंगनाथन यांनी उपकराचा एवढा हट्ट का धरला होता हे उमगते.

शंकेखोर

पंचगंगाकाठ यांनी बडोद्याचा उल्लेख केला ते बरे झाले. रंगनाथन यांच्या आधी काहीच नव्हते, अशी समजूत आपल्या पाठ्यपुस्तकांनी करून दिली आहे. पण वर्गखोलीताईंनी मांडलेल्या विरोधाभासात मला अधिक रस आहे. आपल्या अनुभवाच्या विरुद्ध शिफारस करणारा माणूस एकतर फार प्रामाणिक असतो किंवा त्याला आपल्यासारखे दुसरे कोणी असू शकते यावर विश्वास नसतो. रंगनाथन यांच्याबाबतीत मला दुसरी शक्यता अधिक वाटते. त्यांची पुस्तके वाचताना पानोपानी नवी परिभाषा, नवी सूत्रे, नवे उपनियम भेटतात. विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत विचार करावा यापेक्षा गुरूच्या शब्दांत विचार करावा, असा आग्रह जाणवतो.

वर्गखोली

परिभाषेचा आग्रह होता, हे खरे आहे. तो गणितज्ञाचा स्वभाव म्हणता येईल, आधी व्याख्या आणि मग सिद्धता. पण शिष्यांना त्यांनी मोकळे सोडले नाही, असे म्हणता येणार नाही. १९६२ मध्ये प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने बंगळुरात प्रलेखन संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र काढले. सत्तरीला पोहोचलेले रंगनाथन तिथे मानद प्राध्यापक होते. त्यांच्याबरोबर काम करणारे नीलमेघन, गोपीनाथ, गणेश भट्टाचार्य यांनी पुढे आपापली वाट काढली. भट्टाचार्य यांनी वर्गीकरणाचे क्रमांक बाजूला ठेवून थेट शब्दांच्या आधारे विषय-निर्देशनाची, म्हणजे विषयांची सूची करण्याची, स्वतंत्र पद्धत उभी केली. गुरूच्या चौकटीतून बाहेर पडण्याइतकी मोकळीक त्या केंद्रात होती.

आणखी एक नोंद. आयुष्यभराच्या बचतीतून त्यांनी मद्रास विद्यापीठाला ग्रंथालयशास्त्राच्या अध्यासनासाठी एक लाख रुपये दिले आणि अध्यासनाला पत्नी शारदा यांचे नाव दिले. विवाहाच्या दिवशी कामावर परतलेल्या माणसाच्या हिशोबात ही बाबही मांडायला हवी, शंकेखोर!

अनुक्रम

विदा_वेचक यांच्या खुलाशाबद्दल आभार. विरामचिन्हांना जाती आहेत हे वर्गात सांगितले होते, पण ते का, हे आज समजले. तरी माझी अडचण पूर्ण सुटलेली नाही. पैलूंची कल्पना संगणकात राहिली, हे ठीक. पुस्तकांच्या मांडणीत द्विबिंदू पद्धतीने ड्युईपेक्षा वेगळे काय साधते, हे मला प्रत्यक्ष कपाटावर दाखवू शकेल असे उदाहरण आहे का? शक्य असल्यास मराठी पुस्तकांचे द्यावे, कारण क्षयरोगाचे उदाहरण मी चार पाठ्यपुस्तकांत वाचले आहे.

दप्तरी

अनुक्रम, उदाहरण आहे आणि ते मी अभ्यासकेंद्रावर दर वर्षी वापरत असे.

आपल्या कोणत्याही महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ८९१.४६ हा आकडा सर्वांत जास्त पाठींवर दिसतो, कारण ड्युईच्या पद्धतीत तो मराठी साहित्याचा आहे. पुढे १ लावला की कविता, २ लावला की नाटक, ३ लावला की कथा-कादंबरी. इथपर्यंत आल्यावर बहुतेक ग्रंथपाल थांबतात आणि खाली लेखकाच्या आडनावाची अक्षरे टाकतात. त्यामुळे कवितेच्या कपाटात पुस्तके आडनावाच्या अकारविल्हे लागतात. आडनाव आणि टोपणनाव यांचा घोळ तर आपल्याकडे आहेच. केशवसुत 'के' खाली ठेवायचे की दामले म्हणून 'दा' खाली, कुसुमाग्रज 'कु' खाली की शिरवाडकर म्हणून 'शि' खाली, याचा निर्णय प्रत्येक ग्रंथालयात निराळा, आणि ग्रंथपाल बदलला की त्याच ग्रंथालयातही निराळा.

द्विबिंदू पद्धतीत साहित्याचे पैलू भाषा, वाङ्मयप्रकार, लेखक आणि कृती या क्रमाने येतात, आणि लेखकाचा पैलू त्याच्या जन्मवर्षावरून ठरतो. अठराशेच्या शतकाला एक अक्षर, एकोणीसशेच्या शतकाला पुढचे अक्षर आणि त्यापुढे वर्षाचे शेवटचे दोन आकडे. म्हणजे केशवसुत १८६६, गोविंदाग्रज १८८५, बालकवी १८९०, मर्ढेकर १९०९, कुसुमाग्रज १९१२ या क्रमाने कपाटात उभे राहतात. विद्यार्थी डावीकडून उजवीकडे चालत गेला की आधुनिक मराठी कविता ज्या क्रमाने घडली त्याच क्रमाने त्याच्यासमोर येते. कवीवरील समीक्षाही कवीच्या क्रमांकाला जोडून येते, त्यामुळे मर्ढेकरांची कविता आणि मर्ढेकरांवरील पुस्तके शेजारी बसतात. टोपणनावाचा वाद मांडणीपुरता मिटतो, कारण माणूस कोणत्याही नावाने लिहो, जन्मवर्ष एकच. मी विद्यार्थ्यांना कवितासंग्रहांचे एक कपाट रिकामे करून पुस्तके आधी एका पद्धतीने आणि मग दुसऱ्या पद्धतीने लावायला सांगत असे. दुसऱ्या मांडणीनंतर काही जण क्रमांक विसरून पुस्तकेच चाळत बसायचे, आणि मी त्यांना उठवत नसे.

हे करता आले ते मी शिकवत असलेले केंद्र आणि मी चालवत असलेले ग्रंथालय एकाच इमारतीत होते म्हणून. वर्गखोलीताईंच्या समितीने त्याचा विचार केला होता की नाही, हे अहवाल पुन्हा वाचून पाहतो.

पंचगंगाकाठ

दप्तरीकाका, उदाहरण सुरेख आहे, पण एक कपाट मागे घ्या आणि संतसाहित्याकडे या. ज्ञानेश्वरांचे जन्मवर्ष काही अभ्यासक शके ११९७ म्हणजे इसवी सन १२७५ मानतात, तर काही शके ११९३ म्हणजे १२७१. नामदेवांचे १२७० धरले, तर एका मताने ज्ञानेश्वर त्यांच्या लगतच येतात आणि दुसऱ्या मताने मध्ये पाच वर्षांचे अंतर पडते. चोखोबांच्या जन्मवर्षाबद्दल तर नक्की कोणी सांगू शकत नाही. जन्मवर्षावर उभी असलेली पद्धत इथे काय करते?

दप्तरी

इथे ग्रंथपालाला निर्णय घ्यावा लागतो, आणि तो घेतल्यावर लिहून ठेवावा लागतो. आमच्याकडे ज्ञानेश्वरांसाठी १२७५ धरले होते. कोणत्या लेखकासाठी कोणते वर्ष धरले आणि ते कोणत्या ग्रंथावरून, याची एक वेगळी पत्रपेटी तालिकेच्या शेजारी ठेवली होती, म्हणजे नवा माणूस आला तरी तो नव्याने वर्ष ठरवणार नाही. चोखोबांच्या पत्रावर फक्त शतक होते आणि पुढची जागा मोकळी सोडलेली होती. अनुक्रम, आपल्या प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत संतसाहित्याचे शीर्षक आले, तर क्रमांकाबरोबर कोणते वर्ष का धरले ही एक ओळही उत्तरपत्रिकेत लिहा. परीक्षक ग्रंथपाल असेल तर ती ओळ आधी वाचेल.

अनुक्रम

लिहितो. आमच्या विभागाच्या ग्रंथालयात असे निर्णय-पत्र एकही नाही, हे आज दुपारीच विचारून पाहिले. ज्ञानेश्वरीच्या प्रती तीन वेगवेगळ्या कपाटांत आहेत. विभागप्रमुखांची परवानगी मिळाली, तर दिवाळीच्या सुटीआधी संतसाहित्याचे एक कपाट मी आणि माझे दोन वर्गमित्र लावून पाहणार आहोत. काय अडते ते इथेच लिहीन.